दहा दिवसांचे चोवीस दिवस

५ मे
तापमान ६. ढगाळ. रस्ता कोरडा.

एकतीस वर्षं सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ काढला आणि प्रत्येक पाळी संपली की वहीत ही एवढी ओळ लिहून सही केली. निवृत्त होऊन पाच आठवडे झाले तरी हात थांबत नाही, म्हणून ही नवी वही आणली. आल्देआ म्हणाली, "लिही, लिही. तेवढा वेळ तरी माझ्या कपाटातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावत बसणार नाहीस." बायको म्हणून ती चांगली आहे, फक्त शिस्तीचं तिला वावडं आहे.

आमची मुलगी जानीक जेवायला आली होती. एकोणतीस वर्षांची झाली, मंक्टनला कडे चढायला शिकवणाऱ्या हॉलमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी खरे कडे चढते. आज फ्रिको, म्हणजे आमचं कोंबडी-बटाट्याचं कालवण, वाढून घेता घेता तिने सांगितलं की कॅनडाच्या पश्चिमेला, पार रॉकी पर्वतात, कॅनमोर गावच्या एका कंपनीने तिला घेतलं आहे. पर्वतावर माणसं नेणारी वाटाड्या व्हायचं. चार वर्षं शिकणं आणि नोकरी एकदमच. एक ऑगस्टला हजर व्हायचं, वीस जूनच्या आत होकार कळवायचा.

"छान," मी म्हणालो. फ्रिको फार गरम होता, बटाट्याने जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. आल्देआ पाण्याचा ग्लास पुढे सरकवून माझ्याकडे बघत राहिली.

मग जानीक म्हणाली, "जायच्या आधी दहा दिवस फिरू या, बाबा. तू आणि मी, माझ्या व्हॅनमधून. वाटेत कडे चढायचे, डोंगर तुडवायचे, आणि क्वेबेक शहरापासून मी तशीच पुढे पश्चिमेला निघेन."

"जोएल कुठे गेला?" जोएल म्हणजे तिचा दोर धरणारा मित्र.

"लॉबस्टरच्या बोटीवर घसरला. मनगट प्लास्टरमध्ये आहे."

"मग दोर कोण धरणार? मी? मी पासष्ट वर्षांचा आहे."

"दोर धरायचाय, उडायचं नाहीये."

मी हो म्हणालो, पण एका अटीवर. सहलीची आखणी मी करणार. या भागातला कुठला रस्ता कुठे खचतो, कुठल्या वळणावर धुकं साचतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ती हसून म्हणाली, "तू नाहीतरी केलीच असतीस."

इथली मुलं पश्चिमेला जातात, त्यात नवीन काही नाही. कामावरचा माझा जुना जोडीदार यूक्लीद, त्याची तिन्ही मुलं तिकडेच आहेत. पोरं निघाली की तोंड पाडून बसणाऱ्या बापांतला मी नव्हे.

१० मे
तापमान ११. पाऊस. रस्ता ओला.

दोर धरण्याचा पहिला धडा. कमरेला पट्टे आवळतात, त्यांत उभं राहिलं की मी दोऱ्याने बांधून भाजायला ठेवलेला मांसाचा तुकडा दिसतो, असं आल्देआचं म्हणणं. ती मुद्दाम बघायला आली होती, विणकाम घेऊन.

काम तसं सोपं आहे. वरचा माणूस चढत जातो तशी खालच्याने ढील द्यायची. वरच्याचा पाय सुटला तर दोर आवळायचा. निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या गाठी आणि पट्टे तपासायचे. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आम्हीही गाडी बाहेर काढण्यापूर्वी एकमेकांचे दिवे तपासायचो. मी जानीकची गाठ चार वेळा तपासली.

"बाबा, एकदा पुरे असतं."

"तुला पुरे असेल."

बाजूच्या दोरावर दहा-अकरा वर्षांच्या दोन मुली होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही हात कायम आखडलेले ठेवता." हल्लीच्या मुलांना बोलायची पद्धत नाही.

१४ मे

पहिला आराखडा तयार. बारा जुलैला निघायचं. दोन दिवस वेल्सफर्डचे कडे. मग उत्तरेला मातापेदियाच्या खोऱ्यातून गास्पे. तिथला माँ-आल्बेर पायी चढायचा. तो जूनअखेरपर्यंत बंद असतो, तिथल्या कॅरिबू हरणांच्या पाडसांचे दिवस असतात. मातानहून बोटीने नदीपलीकडे, सागने खाडीचे कडे दोन दिवस, शार्लव्वात एक, आणि एकवीस तारखेला क्वेबेक शहर. पेट्रोल कुठे भरायचं, शौचाला कुठे थांबायचं, सगळं मिनिटांसकट लिहिलं.

आल्देआने चष्मा लावून पूर्ण वाचलं. "क्वेबेक शहरातून ती पुढे गेली की तू परत कसा येणार?"

"बघू."

"मातानला बटाट्याचे काप कुठे खायचे ते लिहिलंयस, दुपारी दोन वीसला. आणि घरी कसा येणार ते बघू?"

बारीकसारीक गोष्टी नंतरही ठरवता येतात.

२३ मे
तापमान १४. स्वच्छ. रस्ता कोरडा, मेमरामकूकच्या पुलाजवळ नवा खड्डा.

ओढ्याकाठून फिडलहेड, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब, खुडून आणले. लोण्यात परतून दोन ताटल्या खाल्ल्या, आणि खाता खाता लक्षात आलं की आराखड्यात केप ब्रेटन नाही. आपल्या घरापासून पाच तासांवर समुद्रात घुसलेले डोंगर, आणि आपण ते सोडून निघालो! घातले. तीन दिवस वाढले. फंडीच्या किनाऱ्यावरची पायवाटही घातली, तिला आणखी चार, कारण गुडघे माझे आहेत. केप ब्रेटन उलट्या दिशेला पडतं, म्हणून क्वेबेकहून परत फिरून यायचं. म्हणजे सहल आता घरीच संपते. किती सोयीचं. परतीचा प्रश्नही आपोआप मिटला.

जानीकला फोन केला. तिने माझ्याकडून सगळ्या तारखा पुन्हा वदवून घेतल्या. मग म्हणाली, "आणि मी कॅनमोरला घरून निघायचं?"

"तारखा जमतात. मी मोजल्यात."

"बरं," म्हणाली. तिला आवडलं असावं.

१ जून
तापमान १९. वारा नाही. काळ्या माश्या.

माश्यांनी कानामागून रक्त काढलं. बाहेर काही करता येत नाही, म्हणून दिवसभर नकाशा.

न्यूफाउंडलंड. हे आधी सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. ग्रो मोर्नचे कडे बघितले नाहीत तर पूर्वेचं बघितलं काय? नॉर्थ सिडनीहून बोट. संध्याकाळी सहानंतर तिथे गाडी चालवायची नाही असा मी नियम घातला, घोड्याएवढी मूस हरणं रस्त्यावर येतात. त्यामुळे तिथल्या पाच दिवसांचे सात झाले. परतीच्या बोटीला जागा बघितली तर जुलैभर भरलेली! चार ऑगस्टच्या रात्रीची मिळाली, ती लगेच घेऊन टाकली, नाहीतर तीही जाते.

एकूण चोवीस दिवस. आराखडा इतका देखणा झालाय की भिंतीवर लावावासा वाटतो. लावला.

एक ऑगस्टची अडचण माझ्या लक्षात आहे. पण बोटी भरलेल्या आहेत त्याला मी काय करणार? कंपनीवाले चार-पाच दिवस थांबतील. पर्वत कुठे पळून चाललेत?

७ जून
तापमान १६. स्वच्छ.

जानीक आली आणि भिंतीसमोर खूप वेळ उभी राहिली. मी एकेक दिवस बोट ठेवून समजावला. चार ऑगस्टवर आलो तेव्हा ती म्हणाली, "एकला हजर व्हायचंय मला. त्यांची तुकडी एकलाच निघते."

"बोटींना जागाच नाही. मी काय करू?"

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. दलदलीवर ओहोटी लागली होती. "मग पुढच्या वर्षी जाते. कळवते तसं त्यांना. आपण ही सहल नीट करू."

मी म्हणालो, "तुला चालणार असेल तर." ती म्हणाली, "चालेल."

खरं लिहायचं तर मला इतका आनंद झाला की मी गॅरेजमध्ये जाऊन उगाच गाडीचं तेल बदललं. तीन हजार किलोमीटर आधीच बदललं. संध्याकाळी लॉबस्टर आणले, आल्देआने पाणी उकळलं, आम्ही वर्तमानपत्रं पसरून हातांनी फोडून खाल्ले. जानीकने न सांगता सगळी भांडी घासली. एरवी ताटली उचलायला दोनदा सांगावं लागतं. पोरीला शहाणपण आलं. गप्प गप्प होती, हॉलमध्ये शनिवारी फार गर्दी असते, दमली असेल.

१४ जून
तापमान २१. कोरडा कडा.

वेल्सफर्डला सरावासाठी गेलो. पहिल्यांदाच खरा दगड. गाठी तपासल्या. जानीक चढायला लागली आणि मी खाली मान वर करून उभा. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांमधून दोर ओवत ती वर जाते. तिसऱ्या कडीपाशी तिने दोर अडकवायला हात लांब केला, दोर ओढला, तो आलाच नाही. मी तो घट्ट धरला होता. तिला हिसका बसला, पाय निसटला आणि ती खाली आली. तीनेक मीटर. दोराने झेलली, म्हणजे मी झेलली. गुडघा खरचटला.

खाली उतरवल्यावर मी म्हणालो, "बघ, पडलीस पण मी धरलं."

"मी तुझ्यामुळेच पडले!" ती क्वचितच ओरडते. "ढील मागत होते मी. तीनदा मागितली."

"मला वाटलं तू घसरशील."

"घसरले तर आवळायचा. घसरायच्या आधी नाही. आधी आवळलास तर मी चढणार कशी?"

गुडघ्याला पट्टी लावून ती परत चढली. मी ढील दिली. हातांना ते बिलकूल आवडत नाही. पण ती सरसर गेली. कड्याच्या माथ्यावरून तिची शीळ ऐकू आली तेव्हा मला मोठमोठ्याने हसू आलं. बाजूच्या कुणीतरी मला शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव दिला. फार छान दिवस गेला.

घरी येताना ती झोपली होती. फोन मांडीवर उलटा.

१६ जून
तापमान १८. रिमझिम. रस्ता निसरडा.

यूक्लीदच्या अंगणात बसलो होतो. बावीस वर्षं तो माझ्या मागच्या गाडीवर होता, मी बर्फ ढकलायचो आणि तो उरलेला वितळायला मीठ टाकायचा. त्याला सहलीचं सगळं सांगितलं. चार ऑगस्टची बोट सांगितली, जानीक पुढच्या वर्षी जाणार तेही सांगितलं.

तो हसायला लागला. "मानलं तुला, प्लासीद. माझे तिघं निघाले तेव्हा मला काही सुचलं नाही. मी नुसता फाटकापाशी उभा राहून हात हलवत बसलो. तू बोटच भरवलीस."

"मी भरवली? भरलेलीच होती."

"हो हो. जुलैच्या सगळ्या बोटी भरलेल्या. दिवसाच्यासुद्धा." आणि डोळा मारला.

मला राग आला. बिअर अर्धी ठेवून घरी आलो. त्याला दाखवायला म्हणून बोटीची यादी पुन्हा उघडली.

दिवसाच्या बोटींना जागा होती. जवळजवळ रोजची. मी फक्त रात्रीच्या बोटी बघितल्या होत्या, त्यातही झोपायची खोली असलेल्या. पाठीसाठी. एकतीस वर्षं मी गाडीच्या केबिनमध्ये बसल्या बसल्या झोपलो, मीठ भरेपर्यंत वीस वीस मिनिटं. पाठीला कधी काही झालं नाही.

हे मी मुद्दाम केलं नाही. केलं असतं तर मला कळलं असतं. असं मला वाटत होतं.

१७ जून

कालपासून तापमान बघितलं नाही.

सकाळी आल्देआ कणीक मळत होती. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कशाचं?"

"बोटीचं."

"बोटीचं नाही. तुझं माहीत होतं." तिने पीठ झटकलं. "दहाचे तेरा झाले, तेराचे सतरा झाले. तेव्हाच म्हटलं, हा आता पृथ्वीप्रदक्षिणा घालणार."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. परत कसा येणार म्हणून विचारलं होतं. तू बघू म्हणालास." मग हात थांबवून म्हणाली, "मलाही ती जायला नको आहे, प्लासीद. रोज सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच मनात येतं. पण मी ते असं नकाशात लपवत नाही."

मला नको आहे ती जायला. लिहिलं एकदाचं. ती गेली की रविवारी कोण येणार, हा विचार मला पाच मेपासून सहन होत नाहीये, आणि मी मात्र मातानचे बटाट्याचे काप मिनिटांसकट लिहीत बसलो होतो.

आराखडा भिंतीवरून काढला. न्यूफाउंडलंड काढलं, बोटीची जागा रद्द केली. केप ब्रेटन काढलं. ते काढताना हात अडला, पण काढलं. फंडीची पायवाट घरामागेच आहे, तिथे मी म्हातारपणीही जाईन. राहिले दहा दिवस. बारा ते एकवीस जुलै. खाली लिहिलं: बावीस जुलै, सकाळी सव्वानऊ, प्लासीद बसने मंक्टनला परत. जानीक पश्चिमेला. आधी वीस नंबरचा रस्ता, मग सतरा, मग एक. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला अंधारात चालवू नकोस.

जागा बघितली. खिडकीशेजारची मिळाली.

१८ जून
तापमान २०. स्वच्छ. रस्ता कोरडा.

जानीकला जेवायला बोलावलं आणि जेवणाआधीच कागद समोर ठेवला. लांबण लावली तर माझी हिंमत जाईल, हे मला ठाऊक होतं.

तिने वाचला. बसच्या ओळीवर थांबली. "न्यूफाउंडलंड?"

"दिवसाच्या बोटी होत्या. मी बघितल्या नाहीत. मला तू जायला नको होतीस, म्हणून बघितल्या नाहीत. ते मला परवापर्यंत माहीतच नव्हतं, हे हसण्यासारखं आहे, पण खरं आहे." एवढं मी एका दमात म्हणालो. मग म्हणालो, "आता त्या कंपनीला फोन कर. सांग, चूक बापाची होती. पाय धरायला लागले तर मी धरतो. तुझी जागा त्यांनी अजून दुसऱ्याला दिली नसेल तर."

ती कागदाची घडी घालत राहिली. "दिली नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मी त्यांना नाही म्हटलंच नाही अजून. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. धीरच होत नव्हता, बाबा. ना त्यांना नाही म्हणायचा, ना तुला."

अकरा दिवस! अकरा दिवस मी आनंदात होतो आणि ही पोर फोन उचलत आणि ठेवत होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलं. बराच वेळ. आल्देआ चुलीकडे तोंड करून उभी होती आणि भांड्यात नसलेलं काहीतरी ढवळत होती.

"आत्ता कर," मी म्हणालो. "तिकडे अजून दुपारच असेल."

ती मागच्या पायऱ्यांवर गेली. जाळीचं दार उघडं होतं आणि मी ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत होतो. आमची घरची फ्रेंच सोडून इंग्रजीत बोलत होती. आधी अठ्ठावीस तारखेला पोचते म्हणाली. मग पलीकडच्याने कामाचं काही काढलं असावं, कारण तिचा आवाज बदलला. चढला नाही, उलट खाली आला. सावकाश म्हणाली, "नाही. त्या डोंगरधारेवर मी एका दोरावर चार माणसं नेणार नाही. तीन. वारा असेल तर दोनच." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, आणि पुन्हा तसंच म्हणाली, "समजलं. पण तीनच." मग हसली, आणि पलीकडच्याने मान्य केलं हे मला पायऱ्यांच्या अलीकडूनही कळलं. अजून नोकरीला लागली नाही आणि साहेबाला नाही म्हणतेय. मी एकतीस वर्षांत साहेबाला एकदाच नाही म्हणालो, तेही ओरडून, आणि नंतर माफी मागितली.

त्या आवाजातली जानीक मला माहीत नव्हती. आमच्या घरात ती तशी कधी बोललीच नाही, बोलायची वेळच आली नसेल. असा आवाज मला एखाद्या वादळात मागच्या गाडीतून रेडिओवर ऐकू आला असता, तर मी काही न विचारता त्याने सांगितलेल्या रस्त्याने गेलो असतो. मला तिचा इतका अभिमान वाटला की छाती दुखली, आणि ती जाणार याचं वाईटही त्याच वेळी वाटत होतं. दोन्ही एकदम मावलं.

फोन ठेवून ती आत आली आणि परत आमची जानीक झाली. जेवण पाच मिनिटांवर असताना फ्रीजचं दार सताड उघडून कालचा गार ॲपल पाय काट्याने बशीतूनच खायला लागली. दार उघडं ठेवून खाऊ नकोस, हे मी तिला लहानपणापासून सांगत आलोय.

मी खणातून दुसरा काटा काढला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.